‘येत नाही’ म्हटलं तर चालेल का?

या वेळी आलेली बरीचशी पत्रं एकाच विषयावरची आहेत, मोठ्या ऑडिट फर्ममधला (डेलॉइट, पीडब्ल्यूसी, ईवाय, केपीएमजी, म्हणजे ‘बिग फोर’) पहिला इंटरव्ह्यू. मी स्वतः ठाण्याची, आर्टिकलशिप, म्हणजे सीए होताना करायचं प्रत्यक्ष कामाचं प्रशिक्षण, अशाच एका फर्ममध्ये केलं आणि नंतर बरीच वर्षं तिथे मुलामुलींचे इंटरव्ह्यू घेतले. त्यामुळे हे प्रश्न वाचताना प्रत्येक वेळी समोर बसलेला एखादा चेहरा आठवतो. पहिलं उत्तर लांबलंय, पण लांबू दिलंय.

प्रश्न : ताई, मी कळव्याला राहते. सीए इंटरचे दोन्ही ग्रुप झाले, पण दुसरा ग्रुप तिसऱ्या अटेम्प्टला निघाला. बिग फोरपैकी एका फर्मकडून आर्टिकलशिपच्या इंटरव्ह्यूचा कॉल आलाय. शाळा मराठी माध्यमाची, इंग्रजी बोलताना अडखळते. आणि एखादं उत्तर आलंच नाही तर काय करू? ‘येत नाही’ म्हटलं तर चालेल का?

चालेल. ते कसं म्हणायचं तेवढं मात्र शिकून जा, कारण मला विचारशील तर अख्ख्या इंटरव्ह्यूत सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तीच आहे. असं बघ, आर्टिकल म्हणून तू काय करणार, तर बिलं बघणार, लेजर बघणार, स्टॉक मोजायला जाणार आणि वर्किंग पेपरवर लिहिणार की मी हे बघितलं. तुझ्यावर सिनियर विसंबणार, त्याच्यावर मॅनेजर, आणि शेवटी पार्टनर सही करणार. आता तू न बघितलेल्या बिलावर टिक मारलीस तर ती टिक थेट त्या सहीपर्यंत जाते. म्हणून समोरचा माणूस तुला प्रश्न विचारताना मनात एकच गोष्ट तपासत असतो, की ही मुलगी न बघितलेलं बघितलं म्हणेल का. पुस्तकातलं नाही आलं तर आम्ही शिकवतो, ते काही फार अवघड नाही, पण ठोकून देण्याची सवय दोन वर्षांत काढणं फार कठीण असतं हे मी अनुभवाने सांगते.

तर ‘येत नाही’ असं म्हणून गप्प बसायचं नाही. म्हणायचं की सर, एवढं मला नक्की माहिती आहे, यापुढचं खात्रीने सांगता येणार नाही, पण शोधायचं झालं तर अमुक ठिकाणी शोधेन. एक उदाहरण देते, हा प्रश्न मी स्वतः खूप वेळा विचारलाय. रबाळे एमआयडीसीत एका कंपनीत तू स्टॉक काउंटला गेलीस, शीटवर 500 डबे आहेत आणि मोजले तर 480 भरले, काय करशील? बरीच मुलं पटकन म्हणतात, 20 ची ॲडजस्टमेंट एंट्री पास करू. अरे, पण एंट्री करणारे आपण कोण? पुस्तकं कंपनीची आहेत. आधी पुन्हा मोज. मग विचार की काउंट चालू असताना माल आत-बाहेर झाला का, शेवटचं डिलिव्हरी चलन कुठल्या नंबरचं, काही माल जॉब वर्करकडे गेलाय का, बिल फाटायचं राहिलंय का. जे कळेल ते तिथल्या तिथे कागदावर लिही आणि सिनियरला फोन कर. आणि हो, शीटवरून मालाकडे जाऊन तपासलं की शीटवरचा माल खरंच आहे का ते कळतं, आणि मालाकडून शीटकडे आलीस की असलेला सगळा माल शीटवर आलाय का ते कळतं, या दोन्ही दिशा बोललीस तर समोरचा मान वर करून तुझ्याकडे बघेल. एसए 501 हा त्यासाठीच्या ऑडिट स्टँडर्डचा नंबर आठवला तर बोल, नाही आठवला तरी काही बिघडत नाही.

आता अटेम्प्टचं. लपवू नकोस, मार्कशीट त्यांच्यासमोर असते. प्रत्येक पेपरला 40 आणि ग्रुपला 300 पैकी 150, या दोन अटींमध्ये किती हुशार मुलं अडकतात ते त्यांनाही माहिती आहे, त्यातल्या काहींनी स्वतः भोगलंय. कुठला पेपर अडला, किती मार्कांनी, पुढच्या वेळी अभ्यासात काय बदललं, तीन वाक्यांत सांग आणि थांब. माफी मागितल्यासारखा आवाज करू नकोस.

इंग्रजीचं सांगायचं तर खरंच एवढं घाबरू नकोस. छोटी वाक्यं कर. अडखळलीस तर थांब, श्वास घे, पुन्हा सुरू कर. घरी आईला नाहीतर धाकट्या भावाला समोर बसवून वरचं स्टॉकचं उत्तर आधी मराठीत सांग, त्यांना कळलं की तेच इंग्रजीत सांग. ज्याला मराठीत समजावता येत नाही त्याला इंग्रजीतही येत नाही, तिथे फक्त पाठांतर ऐकू येतं.

एक प्रश्न हमखास येतो, डेप्रिसिएशन (घसारा) 10 लाखांनी वाढलं तर नफ्यावर, बॅलन्स शीटवर आणि कॅशवर काय परिणाम? इथे मुलं इंटरनेटवरून पाठ केलेलं अमेरिकन उत्तर देतात, की टॅक्स 25 टक्के धरला तर टॅक्स अडीच लाखांनी वाचला, म्हणून कॅश अडीच लाखांनी वाढली. आपल्याकडे पुस्तकातलं डेप्रिसिएशन कंपनी कायद्याच्या शेड्यूल टू प्रमाणे आणि टॅक्सचं वेगळं, ब्लॉकवर (मालमत्तांच्या गटावर), इन्कम टॅक्सच्या दराने. म्हणजे फक्त पुस्तकातलं वाढलं तर भरायचा टॅक्स तेवढाच राहतो, कॅश हलतच नाही. ॲसेट 10 लाखांनी कमी, डेफर्ड टॅक्समध्ये, म्हणजे पुस्तकातल्या आणि टॅक्सच्या हिशेबातल्या फरकामुळे पुढे ढकललेल्या टॅक्सच्या नोंदीत, अडीच लाखांचा फरक, आणि करानंतरचा नफा साडेसात लाखांनी कमी. एवढं तुला कागद-पेन न घेता सांगता आलं पाहिजे. मिनिमम अल्टरनेट टॅक्सचा (पुस्तकी नफ्यावरच्या किमान टॅक्सचा) गुंता कुणी काढला तर तिथे खुशाल म्हण की हे मला नीट बघावं लागेल.

जाण्याआधी अजून दोन गोष्टी वाचून जा. पहिली, या फर्म भारतात ऑडिट रिपोर्टवर सही कुठल्या नावाने करतात, कारण केपीएमजीच्या नेटवर्कमधली ऑडिट फर्म बीएसआर आहे आणि ईवायची एसआर बाटलीबॉय हे माहीत नसलेली मुलं अजूनही येतात आणि मग उगाच ओशाळतात. दुसरी, 1 एप्रिल 2023 पासून कंपन्यांच्या अकाउंटिंग सॉफ्टवेअरला ऑडिट ट्रेल सक्तीचा झालाय, म्हणजे कुठली एंट्री कधी बदलली याची नोंद राहते आणि ती बंद करता येत नाही. हे का आणलं असेल यावर दोन मिनिटं स्वतः विचार कर, वाचलेलं बोलू नकोस.

रेझ्युमेचं तर मी सगळ्यांना सांगते, प्रत्येक ओळीमागे व्हाउचर, म्हणजे पुरावा, हवं. ‘ॲडव्हान्स्ड एक्सेल’ लिहिलंस तर व्हीलुकअपच्या शेवटी फॉल्स का लिहितात ते सांगता आलं पाहिजे, नाहीतर ती ओळ आजच खोडून टाक. आणि इंटरव्ह्यूच्या दिवशी कळव्याहून स्लोने थेट दादरपर्यंत जाण्यापेक्षा ठाण्याला येऊन फास्ट पकड, गोरेगाव असो की लोअर परळ, दादरला बदलायचंच आहे, तासभर आधी पोच.

प्रश्न : मी ऐरोलीला राहतो, बीएएफ (बीकॉम, अकाउंटिंग अँड फायनान्स) झालंय. सीए करायचं नाहीये. इथल्या माइंडस्पेस बिझनेस पार्कला रोज एवढे लोक कामाला जाताना दिसतात तर मला बिग फोरमध्ये काही चान्स आहे का, आणि इंटरव्ह्यू असाच असतो का?

चान्स आहे, पण दार वेगळं आहे. भारतातल्या कंपन्यांचं ऑडिट करणाऱ्या टीममध्ये मुख्यतः आर्टिकल्स आणि सीए असतात. तुझ्यासारख्या ग्रॅज्युएट मुलांना जास्त घेतात ते त्यांच्या परदेशी कामाच्या सेंटरमध्ये, म्हणजे ईवायचं जीडीएस, डेलॉइटचं यूएस-इंडिया, पीडब्ल्यूसीची ॲक्सिलरेशन सेंटर्स वगैरे, जिथे अमेरिका-इंग्लंडच्या टीमसाठी ऑडिटचं आणि टॅक्सचं काम चालतं. यांची मोठी ऑफिसं हैदराबाद, बेंगळुरू, गुरुग्रामकडे आहेत, त्यामुळे अर्ज करतानाच लोकेशन आणि शिफ्ट नीट वाच, नंतर ‘मला वाटलं ऐरोलीत असेल’ म्हणून उपयोग नाही.

साधारणपणे आधी ऑनलाइन ॲप्टिट्यूड टेस्ट असते, बऱ्याचदा बोलण्याची टेस्ट, मग मॅनेजर आणि एचआर. अकाउंट्सचे प्रश्न बेसिकच असतात पण खोदून विचारतात. यूएस टॅक्सच्या जागेसाठी जाणार असशील तर फॉर्म 1040 म्हणजे व्यक्तीचा रिटर्न एवढं तरी माहीत असू दे, आणि ऑडिटसाठी यूएस गॅप (अमेरिकेचे अकाउंटिंगचे नियम) आणि आपल्या इंड एएसमधला (आपले अकाउंटिंग स्टँडर्ड) एखादा फरक समजून ठेव, जसं की लिफो, म्हणजे शेवटी आलेला माल आधी विकला असं धरणं, तिकडे चालतं, आपल्याकडे इंड एएस 2 ला चालत नाही. एकच फरक, पण समजलेला. यादी नको.

आणि कृपा करून हे लक्षात ठेव, ऑफर लेटरसाठी, ट्रेनिंगसाठी, लॅपटॉपच्या डिपॉझिटसाठी कुणी पैसे मागितले तर ती फसवणूक आहे. मेल कुठल्या पत्त्यावरून आलाय ते अक्षर-अक्षर बघ. या नावांवर मुलांना लुबाडणारे खूप आहेत आणि वडिलांच्या पीएफमधून पैसे काढून दिलेली घरं मी बघितलीयत, म्हणून एवढं कळकळीने सांगतेय.

प्रश्न : माझी मुलगी आर्टिकलशिपसाठी मोठ्या फर्मचे इंटरव्ह्यू देतेय. आम्ही घणसोलीला राहतो. तिथे रात्री फार उशीर होतो असं ऐकलंय. हे तिने इंटरव्ह्यूमध्ये विचारलं तर वाईट दिसेल का? की वाशीच्या छोट्या फर्मलाच लावू?

तुमची काळजी रास्त आहे आणि उशीर होतो हे खरंच आहे, मी लपवणार नाही. कागदावर आर्टिकलचे आठवड्याचे 35 तास आहेत. पण लिस्टेड कंपन्यांना मार्चअखेरचे ऑडिट झालेले निकाल 60 दिवसांत, म्हणजे 30 मेपर्यंत द्यावे लागतात, त्यामुळे एप्रिल-मेमध्ये ते 35 तास कुणाला आठवतही नाहीत. माझ्या दुसऱ्या सीझनला मी अंगावर ताप काढत राहिले, टीममध्ये कुणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही, शेवटी पंधरा दिवस अंथरुणात गेले. मुलीला एवढं नक्की सांगा की तब्येतीचं त्याच दिवशी सिनियरला सांगायचं.

विचारलेलं वाईट दिसत नाही, कसं विचारतो ते महत्त्वाचं. शेवटी ‘तुला काही विचारायचंय का’ म्हणतात तेव्हा तिने मॅनेजरला विचारावं की तुमच्या टीमचा मागचा सीझन कसा गेला, क्लायंट कुठे-कुठे आहेत. तळोजा, महापे असेल तर तुमच्यासाठी सोयीचंच. रात्री किती वाजल्यानंतर कॅब मिळते हे मात्र एचआरला, ऑफर आल्यावर, स्पष्ट आणि लेखी विचारावं, कारण ट्रान्स-हार्बरची शेवटची गाडी चुकली की पुढे सगळी ओढाताण होते.

वाशीच्या फर्मला कमी समजू नका. तिथे दोन वर्षांत जीएसटी, इन्कम टॅक्स, टॅक्स ऑडिट, आरओसी (कंपनी रजिस्ट्रारकडचं काम) सगळं हाताखालून जातं. मोठ्या फर्ममध्ये कधीकधी सहा-सहा महिने एकाच क्लायंटच्या फिक्स्ड ॲसेट्सवर बसावं लागतं, पण मोठी कंपनी आतून कशी चालते ते तिथेच दिसतं. पुढे स्वतःची प्रॅक्टिस काढायची असेल तर मी छोटी फर्म म्हणेन, कंपनीत नोकरी करायची असेल तर मोठी. तिला काय हवंय ते तिला विचारा, आणि ‘लावू’ असं म्हणू नका, ती स्वतः ठरवू दे.

प्रश्न : नौपाड्यातून लिहितोय. इंटरव्ह्यू होऊन दोन आठवडे झाले, काहीच कळवलं नाही. डेफर्ड टॅक्सचा एक प्रश्न आला नव्हता, तेव्हा ‘बघून सांगतो’ म्हणालो होतो. मेल करू का?

कर, पण एकच. इंटरव्ह्यूची तारीख, कुठल्या जागेसाठी, कुणी घेतला आणि निर्णय कधीपर्यंत कळेल, एवढं चार ओळींत. खाली तो डेफर्ड टॅक्सचा प्रश्न लिही आणि त्याचं उत्तर स्वतःच्या शब्दांत दोन-तीन ओळींत दे. ‘बघून सांगतो’ म्हणाला होतास ना, मग सांग. तोवर मधल्या आकाराच्या दोन-तीन फर्मनाही रेझ्युमे पाठवून दे, नुसता वाट बघत बसू नकोस.