प्रश्न तुमचे: दोन दिवसांचे सर्व्हर, महिनाभराचं बिल

प्रश्न: आमचे 20 सर्व्हर आहेत आणि त्यांच्यावर लक्ष ठेवणाऱ्या मॉनिटरिंग सेवेशी करारही 20 चाच आहे. एका शनिवारी सकाळी लोड टेस्टसाठी (वाढलेला भार पेलतो का ही चाचणी) आणखी 40 सर्व्हर उभे केले. टेस्ट पाच तासांत आटोपली, पण सर्व्हर बंद करायचे राहून गेले. सोमवारी सकाळी लक्षात आलं, तोवर 48 तास झाले होते. आता बिलात 40 जादा सर्व्हरचे पैसे अख्ख्या महिन्याचे लावले आहेत. शिवाय ‘कस्टम मेट्रिक’ नावाची एक ओळ आहे, तिची रक्कम तर सर्व्हरपेक्षाही मोठी. बिल चुकलं आहे का?

उत्तर: बहुतेक चुकलेलं नाही, आणि हे सांगताना मला वाईट वाटतं. सर्व्हर सांभाळण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत. अशी बिलं हातात धरून मीही बसलो आहे.

जादा वापर म्हणजे ‘जितके तास जास्त, तितकेच पैसे जास्त’ असं आपण धरून चालतो. पण बऱ्याच सेवा दर तासाला सर्व्हर मोजतात आणि महिनाअखेरीस त्या सगळ्या आकड्यांतून एकच आकडा उचलतात. तो कसा उचलला यावर सगळं बिल ठरतं. डेटाडॉग या मॉनिटरिंग सेवेची पद्धत घ्या. 30 दिवसांचे 720 तास होतात. त्यांतले सर्वात जास्त वापराचे 1 टक्का तास, म्हणजे साधारण सात, सोडून दिले जातात. उरलेल्या तासांत जो सर्वात मोठा आकडा असेल, तो महिन्याचा आकडा.

आता तुमचं गणित बघा. टेस्ट पाच तासांची होती. सर्व्हर तेव्हाच बंद झाले असते, तर ते पाचही तास त्या सातांत विरून गेले असते आणि जादा आकारणी शून्य झाली असती. 48 तासांतले सात वजा केले तरी 41 उरतात, आणि त्यांतल्या प्रत्येक तासाला 60 सर्व्हर दिसतात. म्हणून महिन्याचा आकडा 60. हेच 5 टक्के तास सोडणाऱ्या पद्धतीने मोजलं, तर 36 तास माफ झाले असते; तुम्ही तरीही सापडला असता. मात्र सरासरीवर बिल करणाऱ्या सेवेत 672 तास 20 आणि 48 तास 60 यांची सरासरी 22.67 येते, म्हणजे जादा सर्व्हर तीनसुद्धा नाहीत. वापर तोच, सर्व्हर तेच. एकीकडे जादा 40, दुसरीकडे तीनाच्या आत. करार करताना दराची घासाघीस आपण तासभर करतो आणि मोजणीचं कलम वाचायचं सोडून देतो, याची मला मनापासून चीड येते.

दुसरी ओळ पहिलीशीच बांधलेली आहे. कस्टम मेट्रिक म्हणजे आपण स्वतः ठरवून सेवेकडे पाठवलेलं मोजमाप. ते मोजताना मेट्रिकचं नाव मोजत नाहीत. नाव आणि त्याला लावलेली लेबलं यांची प्रत्येक वेगळी जोडणी ही एक स्वतंत्र मालिका धरली जाते, आणि पैसे मालिकांचे लागतात. समजा विनंतीला किती वेळ लागला हे तुम्ही मोजता, आणि सर्व्हर, स्टेटस कोड (विनंतीचं काय झालं ते सांगणारा आकडा) व वेबपत्ता अशी तीन लेबलं आहेत. 20 सर्व्हर, 5 कोड, 30 पत्ते: 3,000 जोडण्या. हिस्टोग्राम असेल, म्हणजे मोजलेले आकडे ठरावीक टप्प्यांत (बकेटांत) वाटून मोजले जात असतील, तर त्यालाही गुणावं लागतं. प्रोमिथियस या मेट्रिक गोळा करणाऱ्या साधनाच्या, गो भाषेसाठीच्या लायब्ररीत मुळातच 11 बकेट असतात; त्यात अनंताची बकेट, बेरीज आणि मोजणी धरून 14 मालिका. म्हणजे 42,000, तेही एकाच मेट्रिकच्या. सर्व्हरचं नाव हेही लेबलच असल्यामुळे 60 सर्व्हर चालू असताना हा आकडा 1,26,000 पर्यंत जाऊ शकतो. प्रत्यक्षात सगळ्या जोडण्या घडत नाहीत, पण बिल कोणत्या दिशेने पळतं ते कळलं असेल.

एकदा आमच्या एका मेट्रिकला मी ग्राहक क्रमांकाचं लेबल लावलं होतं. तक्रार आली की कोणाची विनंती अडली ते लगेच दिसावं, एवढाच हेतू होता. प्रत्येक नवा ग्राहक म्हणजे नवी मालिका, हे मला बिल आल्यावर कळलं. प्रोमिथियसच्या माहितीपत्रात नेमकं हेच करू नका असं लिहिलेलं आहे. ते मी आधी वाचायला हवं होतं. ग्राहक क्रमांकाची जागा लॉगमध्ये, म्हणजे घटनांच्या नोंदींत. लेबलात ज्याची मूल्यं मोजकी आणि आधीच ठाऊक आहेत तेच ठेवावं.

तुमच्याकडेही असं एखादं लेबल असणार असा माझा अंदाज आहे. सेवेच्या वापर-पानावर मेट्रिकनुसार मालिकांची संख्या बघा. पहिल्या चार-पाच नावांतच चोर सापडतो. तो काढला की पुढच्या महिन्यापासून फरक पडेल. टेस्टच्या सर्व्हरना मात्र उभं करतानाच बंद होण्याची वेळ बांधून द्या, आणि त्यांच्या इमेजमध्ये (ज्या साच्यावरून ते उभे होतात त्यात) एजंट, म्हणजे मॉनिटरिंग सेवेला माहिती पाठवणारा प्रोग्राम, खरंच हवा आहे का तेही ठरवा. चालू सर्व्हरचा आकडा कराराच्या वर गेला की तासाभरात कळवणारा अलर्ट लावा. तुमच्या बाबतीत तो शनिवारीच वाजला असता.

या महिन्यापुरती सूट जरूर मागा. एकदाच घडलेल्या चुकीसाठी मी दोनदा मागितली आहे आणि दोन्ही वेळा काही रक्कम परत मिळाली. नुसतं ‘बिल जास्त आलं’ असं लिहू नका. तासवार मोजणीची फाइल उतरवून घ्या, त्यातले 48 तास दाखवा, टेस्ट कधी संपली याची नोंद जोडा आणि तो अलर्ट आता लावला आहे हेही कळवा.