प्राडाने कोल्हापुरीचा घाट घेतला, त्यात चुकलं कुठे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: प्राडा या इटलीतल्या महागड्या फॅशन ब्रँडने कोल्हापुरी चप्पल रॅम्पवर आणली म्हणून एवढा गदारोळ झाला, पण फॅशनमध्ये सगळेच एकमेकांचं उचलतात. आपणही जीन्स घालतोच. मग यात अनैतिक नेमकं काय? आणि रस्त्यावरची रेक्झिनची ‘कोल्हापुरी’ घेणाऱ्या माणसाने कोणत्या तोंडाने बोलायचं?

जीन्सपासूनच सुरुवात करते, कारण तुमचा सगळ्यात वजनदार मुद्दा तोच आहे. लेव्ही स्ट्रॉस आणि जेकब डेव्हिस यांनी १८७३ मध्ये पँटच्या खिशांना तांब्याचे रिव्हेट मारण्याचं पेटंट घेतलं. त्याची मुदत असेपर्यंत तो धंदा त्यांचाच होता. मुदत संपली आणि जगाने तशा पँटी शिवल्या. त्यात गैर काहीच नव्हतं. ज्यांनी शोधलं त्यांना कमावायला पुरेसा वेळ मिळाला, मग ती गोष्ट सगळ्यांची झाली. पँट सगळ्यांची झाली तरी ‘लेव्हीज’ हे नाव मात्र आजही त्या कंपनीचंच आहे. दुसऱ्या कोणी ते आपल्या पँटवर छापलं तर लगेच वकिलाची नोटीस येईल.

कोल्हापुरीच्या वाट्याला यातलं पहिलं कधी आलंच नाही. ती कोणा एकाने शोधली नाही, त्यामुळे पेटंटचा प्रश्नच नव्हता. आपला २००० चा डिझाइन कायदा नवेपणा मागतो, आणि नोंदणी झाली तरी संरक्षण मिळतं जास्तीत जास्त १५ वर्षांचं. पिढ्यान्‌पिढ्या लोकांच्या पायात असलेल्या वस्तूला नवीन कसं म्हणणार? मग कारागिराच्या हातात उरलं ते फक्त नाव. २०१९ मध्ये कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन म्हणजे जीआय मिळाल्याचं जाहीर झालं. त्यात महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, बागलकोट, धारवाड, विजापूर असे आठ जिल्हे येतात. हे मानांकन घाटाला, म्हणजे चपलेच्या आकाराला आणि रचनेला, हात लावत नाही. पट्टा असाच असावा, अंगठा असाच असावा, यावर ते कोणाचा हक्क सांगत नाही. ते राखतं ते नाव, आणि तेही भारताच्या हद्दीत.

आता २२ जून २०२५ चा मिलानमधला शो बघा. पुढच्या उन्हाळ्यासाठीचे पुरुषांचे कपडे होते, आणि मॉडेलच्या पायात उघड उघड कोल्हापुरी. आपल्याकडच्या कोणाही शाळकरी पोराने ओळखली असती. प्राडाने त्यांना म्हटलं ‘लेदर सँडल’. कोल्हापूर नाही, भारत नाही, काही नाही. गोष्ट नेमकी इथे अडते. घाट घेतला आणि नाव खाली ठेवलं. कायद्याने जेवढं राखलं आहे तेवढंच टाळलं, आणि जे उघड्यावर पडलं आहे ते उचललं. तसं मुद्दाम ठरवून केलं असेल असा माझा आरोप नाही. परिणाम मात्र तोच होतो. म्हणून ‘नुसता उल्लेख तर करायचा होता, त्यात काय एवढं’ असं कोणी म्हणतं तेव्हा मला राहवत नाही. ज्याच्याकडे दुसरं काहीच नाही, त्याचा उल्लेख गाळणं म्हणजे त्याचा वाटाच गाळणं.

नाव गळतं कसं, हे मी जवळून पाहिलं आहे. मुंबईत चामड्याच्या वस्तू निर्यात करणाऱ्या एका कंपनीत मी सॅम्पलिंगला, म्हणजे नमुने तयार करण्याच्या विभागात, होते. बाहेरच्या ब्रँडचे लोक यायचे. विमानतळावरून हॉटेल, हॉटेलवरून कुलाबा कॉजवे, आणि दुसऱ्या दिवशी कागदी पिशवी आमच्या टेबलावर. पिशवीत रस्त्यावर घेतलेल्या चपला, बटवे, कमरपट्टे. ‘याच्यासारखं काहीतरी.’ पहिल्या बैठकीत सगळे त्या चपलेला कोल्हापुरीच म्हणायचे, परदेशी पाहुणेसुद्धा. मग पॅटर्नमास्तर तिचे तुकडे करून मापं घ्यायचा आणि फाइलमध्ये ती ‘रेफरन्स सॅम्पल’ व्हायची. पुढच्या कागदावर नुसता स्टाइल नंबर. किंमत ठरायची त्या नंबरची, बोटीवर चढायचा तो नंबर. एकदा मी टॅगवर मूळ गावाचं नाव टाकू या असं सुचवलं. उत्तर आलं, आमच्या ग्राहकाला हे आमच्या डिझायनरचं आहे असं वाटलं पाहिजे. कोणी आवाज चढवला नाही, कोणाला काही वाईट वाटलं नाही. ती रोजची पद्धत होती. त्या जागी बसलेल्या माणसाला चोरी केल्यासारखं कधीच वाटत नाही, आणि त्यामुळेच हे वर्षानुवर्षं चालतं.

तुम्ही म्हणाल, घाटच तर घेतला, कारागिरी कुठे नेली? इथे ती चप्पल होते कशी ते थोडं सांगायला हवं. चामडं कमावायचं बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात. रसायनांनी जे काम झटपट उरकतं त्याला इथे आठवडे जातात. मग तळाचे थर कापायचे आणि एकमेकांना शिवायचे ते दोऱ्याने नव्हे, वादीने. वादी म्हणजे चामड्याचीच बारीक पट्टी. आरीने भोक पाडायचं, वादी आरपार घ्यायची, दातओठ खाऊन ओढायची, पुढचं भोक. अस्सल जोडात खिळा नसतो. पट्ट्यावरची वेणी बहुतेक घरांत बायका घालतात, तीही चामडं सुतासारखं बारीक कापून. चपलेचे बाजूचे कान किती रुंद, पट्टा पायाच्या कोणत्या हाडावर बसला म्हणजे चप्पल चालताना सुटत नाही, हे सगळं पाय बघून बघून ठरत आलेलं आहे. मिलानमध्ये दिसला तो ‘घाट’ म्हणजे या सगळ्याचं उत्तर आहे. गणित इथल्या लोकांनी सोडवलं, तिकडे फक्त उत्तर उतरवून घेतलं.

आणि ते सोडवणारे लोक कोण? चर्मकार, ढोर, मातंग. ज्यांच्या हाताला गावाने विटाळ मानला आणि ज्यांनी केलेलं पायताण घालून मिरवलं, ते लोक. म्हणून ‘भारतीय संस्कृतीचा अपमान’ वगैरे ओरड ऐकली की मला अवघडल्यासारखं होतं. अपमान झाला असेल तर तो आधी त्या घरांचा, आणि तो प्राडाने सुरू केलेला नाही. महाराष्ट्रात २०१५ मध्ये बैल आणि वळूंच्या कत्तलीवर बंदी आली, तेव्हा कच्च्या चामड्याची ओढाताण या कारागिरांनी सोसली. त्या वेळी आज अभिमानाने पोस्ट टाकणाऱ्यांपैकी फार थोडे बोलले. अथणी, निपाणी भागात बसून हीच चप्पल करणाऱ्या कन्नड कारागिरांचा तर आपण मराठी लोक उल्लेखही करत नाही. त्यांनाही मानांकनात बरोबरीचा हक्क आहे.

पुढे काय झालं तेही बघा, कारण त्यातून फरक कशाने पडतो ते कळतं. महाराष्ट्र चेंबर या व्यापारी-उद्योजकांच्या संघटनेचे तेव्हाचे अध्यक्ष ललित गांधी यांनी प्राडाला पत्र लिहिलं. कंपनीकडून लोरेंझो बेर्तेल्ली यांचं उत्तर आलं, की या सँडल भारतीय हस्तकलेच्या पारंपरिक पादत्राणांवरून सुचल्या आहेत, आणि त्या विकायच्या की नाही हे अजून ठरलेलं नाही. मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका गेली, ती जुलै २०२५ मध्ये फेटाळली गेली. ज्यांच्या नावावर मानांकन आहे त्यांनी यावं, असा न्यायालयाचा रोख होता. ते मानांकन आहे दोन सरकारी महामंडळांच्या नावावर, आपलं संत रोहिदास चर्मोद्योग महामंडळ आणि कर्नाटकाचं लिडकर. कोर्टात काही हाती लागलं नाही. हाती लागलं ते लोकांच्या बोलण्याने. जुलैमध्येच प्राडाची माणसं कोल्हापुरात येऊन कारागिरांना भेटून गेली. डिसेंबरमध्ये दोन्ही महामंडळांशी करार झाला. २००० जोड महाराष्ट्र आणि कर्नाटकात बनवायचे, किंमत साधारण ८०० युरो, विक्री फेब्रुवारी २०२६ पासून जगभरातल्या ४० दुकानांत, शिवाय कारागिरांना प्रशिक्षण.

हा करार मला चांगला वाटतो, मनापासून. ‘आधी चोरलं, मग उपकार केले’ असं म्हणून तो झिडकारणं सोपं आहे, पण ते म्हणणाऱ्याला वादी ओढावी लागत नाही. तरी दोन गोष्टींवर माझं लक्ष राहील. ८०० युरो म्हणजे आपले ८० हजारांच्या वर. कोल्हापुरात चांगला जोड हजाराच्या आसपास मिळतो. या दोन आकड्यांमधलं किती जोडामागच्या मजुरीत उतरतं, हे कराराच्या बातम्यांत मला कुठे दिसलं नाही. आणि दुसरं, २००० जोडांचा हंगाम संपल्यावर काय?

हे फक्त आपल्याच बाबतीत घडतं असंही नाही. २०१४ मध्ये पॉल स्मिथने पेशावरी चपलेसारखी सँडल ३०० पौंडांना ‘रॉबर्ट’ नावाने विकायला काढली होती. पाकिस्तानातून ओरड झाल्यावर वेबसाइटवर पेशावरीचा उल्लेख आला. ऑगस्ट २०२५ मध्ये, म्हणजे आपला वाद ताजा असतानाच, अदिदासला मेक्सिकोतल्या ओआहाका राज्यातल्या लोकांची माफी मागावी लागली, कारण तिथल्या ‘हुआराचे’ नावाच्या पारंपरिक सँडलचा घाट त्यांनी गावाला न विचारता वापरला होता. मेक्सिको मात्र नुसत्या माफीवर विसंबून नव्हता. त्याआधीच, २०२२ मध्ये, त्यांनी आदिवासी समाजांच्या सामूहिक वारशासाठी स्वतंत्र कायदाच केला, ज्यात समाजाची संमती मध्यवर्ती आहे. आपल्याकडे असं काही नाही. निदान एक दार उघडलं आहे. १ डिसेंबर २०२५ पासून युरोपीय संघात हस्तकलेच्या वस्तूंनाही भौगोलिक मानांकन घेता येतं, बाहेरच्या देशांतल्या उत्पादकांनासुद्धा. दोन्ही महामंडळांनी तिथे अर्ज करावा, हे माझं आग्रहाचं म्हणणं आहे. पॅरिस-मिलानमधली लढाई भारतातल्या प्रमाणपत्रावर लढता येत नाही. आणि घरातली गोष्ट म्हणजे, मानांकन महामंडळाच्या नावावर असलं तरी कारागिराला ‘अधिकृत वापरकर्ता’ म्हणून स्वतंत्र नोंद करता येते. ती नोंद जितक्या घरांत पोहोचेल तितके दावा सांगू शकणारे लोक वाढतील.

आता तुमच्या रेक्झिनच्या जोडाबद्दल. तुम्ही खुशाल बोला. स्वस्त चप्पल घेणं हा गुन्हा नाही, सगळ्यांना हजार रुपये परवडत नाहीत. पण तिला कोल्हापुरी म्हणून विकणारा दुकानदार प्राडाच्या बरोबर उलटं करतो आहे. प्राडाने वस्तू घेऊन नाव सोडलं, हा नाव घेऊन वस्तू सोडतो. कायद्याच्या हिशेबाने तर दोघांत हाच जास्त दोषी, कारण राखलेलं आहे ते नावच. तेव्हा घ्यायची तर घ्या, फक्त त्याला विचारा, ही कोल्हापुरी म्हणून कशी विकता?

आणि अस्सल घ्यायची असेल तर जोड उलटा करून तळाची कड बघा. चामड्याचे थर दिसायला हवेत, मध्ये फोम नको. शिलाईत दोरा दिसला तर दुसऱ्या दुकानात जा, वादी दिसली तर पुढे बोला. नवा जोड कडक असतो, थोडं तेल द्या, काही दिवस चावेल. आता महामंडळाने क्यूआर कोडही आणला आहे, त्यात बनवणाऱ्याचं नाव आणि ठिकाण कळतं. कोल्हापुरात असाल तर पापाच्या तिकटीजवळच्या चप्पल लाइनीत जा आणि हा जोड कोणी केला ते विचारा. काही दुकानदार लगेच नाव सांगतात. मी त्यांच्याकडूनच घेते.