जळगावात ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये मुलांना सायकलवर शाळेत नेता येईल का? कपडे कसे घालावेत?

हो, खुशाल न्या. फक्त मुलाला स्वतःपेक्षा एक कपडा जास्त घाला. आपण पायडल मारून तापतो, मागे बसलेलं पोर नुसतं वारा खातं. नोव्हेंबरात सकाळी शाळेच्या फाटकाशी मुलीची बोटं हातात घेतली तेव्हा हे कळलं, गारठून लाल झालेली. जाड स्वेटरऐवजी पातळ दोन कपडे बरे, कारण ऑक्टोबरात दुपारी परतताना पारा पस्तिशीला टेकलेला असतो. परतीचा पाऊस झाला असेल तर शेताकडचा कच्चा रस्ता सोडा. काळी माती मडगार्डमध्ये अशी बसते की चाकच फिरत नाही. मात्र डिसेंबरात सूर्य सातच्या सुमारास उगवतो, तेव्हा सकाळची शाळा असेल तर पुढे-मागे दिवा हवाच.