फोटोग्राफीत स्वतःची शैली कशी सापडते? त्यासाठी पुण्या-मुंबईला जावं लागतं का?

३ वर्षं फोटो काढताय, पण प्रत्येक फोटो दुसऱ्याच कुणाचा तरी वाटतो, असं तुम्ही लिहिलंय. पुढे विचारलंय की गाव सोडावं का आणि फुल फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरचा महागडा कॅमेरा घ्यावा का. कॅमेऱ्याचं शेवटी बोलू, लक्षात राहिलं तर. ‘दुसऱ्याच कुणाचा तरी’ हे शब्द मात्र नेमके दुखऱ्या जागी लागले, म्हणून लिहायला बसलो.

मी रावेर तालुक्यातला. लग्नाच्या ऑर्डरींवर घर चालतं, घरची थोडी केळी आहे. ५ वर्षं न चुकता दत्तजयंतीला सारंगखेड्याला जायचो, तापीकाठच्या घोडेबाजारात. खानदेशात ज्याच्या गळ्यात कॅमेरा आहे तो तिथे एकदा तरी जातोच आणि एकच फोटो घेऊन येतो. घोडा मागच्या दोन पायांवर उभा, लगाम धरलेला फेटेवाला, मागून मावळतीचं ऊन आणि सोन्यासारखी धूळ. त्यासाठी जमिनीवर आडवं पडावं लागतं. मीही पडलो. एकदा तर लिदीतच पडलो आणि तसाच एसटीने घरी आलो.

मग जळगावात एका ग्रुपचं प्रदर्शन होतं, त्यात माझा घोडा लागला. आयुष्यात पहिल्यांदा माझा फोटो फ्रेम होऊन भिंतीवर. आईला मुद्दाम घेऊन गेलो. ती लग्नाकार्यातलं पातळ नेसून आलेली. मी चहा आणायला गेलो, परत येतो तर आई एका अनोळखी बाईला कौतुकाने सांगतेय, “हा माह्या पोराने काढलाय.” बोट शेजारच्या फोटोवर. त्या भिंतीवर मागच्या पायांवर उभे असलेले ४ घोडे होते, ४ वेगवेगळ्या लोकांचे. तिने त्यातला एक धरला होता, तो माझा नव्हता. मी काही बोललो नाही. येताना गाडीत तिने विचारलं, “बरोबर सांगितलं ना मी?” मी हो म्हणालो.

आईची काय चूक? खाली नावाची चिठ्ठी नसती तर मलाही ओळखता आला नसता.

त्यानंतर वर्ष-दीड वर्ष नुसत्या लग्नाच्या ऑर्डरी केल्या. आणि मग मृगाच्या आधी आमच्याकडे जसं दरसाल भ्या वाटतं तसं वादळ आलं. अर्धा तास वारा. केळीला मूळ खोल नसतं, वर २०-२५ किलोचा घड लटकलेला, मग काय राहतंय उभं. आमच्या चुलत्यांची, नानांची, कापणीवर आलेली बाग आडवी झाली. १५ दिवसांत घड गाडीत चढले असते. पंचनाम्यासाठी फोटो लागतात म्हणून नानांनी मला बोलावलं. गेलो तेव्हा दुपारचा दीड वाजला होता.

तिथे कुठलं कम्पोझिशन आणि काय. बाग कोणाची ते कळावं म्हणून नाना स्वतःच मोडलेल्या खोडाशेजारी जाऊन उभे राहिले. तलाठी येणार म्हणून धुतलेला पांढरा सदरा घातलेला. घड मातीत पडलेला होता, तो त्यांनी दोन्ही हातांनी जरासा वर उचलून धरला, आत किती माल होता ते दिसावं म्हणून. दांड्यातून चीक गळत होता. केळीचा चीक कपड्याला लागला की काळपट डाग पडतो आणि तो कपडा फाटेपर्यंत जात नाही. बागेत काम करणाऱ्या प्रत्येकाला हे माहीत असतं, म्हणून कापणीला कुणी चांगले कपडे घालत नाही. नानांच्या सदऱ्यावर पोटापासून खाली डाग उतरला आणि त्यांनी खाली पाहिलंसुद्धा नाही. मी सहा पावलं मागे सरलो, ५० मिमीची लेन्स लावलेली होती, खटका दाबला. एकच.

शेजारच्या शेतातून हाक आली, “भाऊ, आमचाही काढजो बा.” तीन दिवसांत चाळीसेक बागा झाल्या. सगळीकडे तेच. माणूस, त्याची पडलेली केळी, डोक्यावर ऊन. रात्री गट नंबरप्रमाणे फायलींना नावं देत बसलो होतो आणि तिसऱ्या रात्री हात थांबला. त्या चाळीसातला एकही फोटो मी कुणाचं बघून काढला नव्हता. लाइक डोक्यात नव्हते, स्पर्धा नव्हती. आणि सगळे एकाच माणसाने काढलेत हे आंधळ्यालाही कळलं असतं.

तेव्हापासून मी तसेच काढतो. खापरावर मांडे करणारी मावशी आणि तिचं खापर. कापसाच्या जिनिंगवरचा मापारी आणि त्याचा काटा. भरताची वांगी काट्याकुट्यांवर भाजणारा शेतकरी आणि समोरचा जाळ. सहा पावलं, तीच लेन्स, भर दुपार.

आता ज्याच्यासाठी हे सगळं लिहितोय ते. एका कार्यशाळेत हे फोटो मी एका सरांना दाखवले. नाव लिहीत नाही. ते पाच-सहा फोटो सरकवून म्हणाले, “ही सरकारी कागदपत्रं झाली. यात फोटो कुठेय?” वर सल्ला, की दुपारी १२ ते ३ कॅमेरा पिशवीतच ठेवायचा. सगळा वर्ग हसला. मी गप्प बसलो, तसाच जसा त्या गाडीत बसलो होतो.

सर, दुपारचं ऊन वाईट असतं हे तुम्हाला कुणी शिकवलं ते मला माहीत नाही, पण तो माणूस जळगाव जिल्ह्यातला नसावा. आमचं सगळं दुपारीच घडतं. मेच्या शेवटच्या आठवड्यात आमच्याकडे शून्य सावलीचा दिवस येतो, सूर्य बरोबर डोक्यावर, खांबाची सावली खांबाच्या बुडाशी गोळा होते. त्या उन्हात टोपीखाली डोळे दिसत नाहीत, नाक आणि हनुवटी फक्त दिसते. तुम्ही त्याला दोष म्हणता. आमच्याकडचा माणूस वर्षातले चार महिने असाच दिसतो. सोनेरी ऊन लग्नाच्या अल्बमला ठेवा, मीही ठेवतो, त्याचे पैसे मिळतात.

गाव सोडण्याचं विचारलंत. चाळीसगावला स्टेशनपासून जवळच केकी मूस यांचं घर आहे, आता तिथे त्यांच्या फोटोंचं संग्रहालय आहे. जाऊन या. हा माणूस १९८९ मध्ये वारला, तोवर कित्येक वर्षं घराबाहेर जवळजवळ पडलाच नाही. टेबलावर छोटी छोटी दृश्यं रचून फोटो काढायचा आणि त्यावर देशाबाहेरही नाव कमावलं. शहरात गेल्यावर शैली मिळते म्हणणाऱ्याला मी हेच सांगतो. आता खरं सांगायचं तर ते आधी इंग्लंडला जाऊन शिकून आले होते, आणि हाच मुद्दा त्या सरांनी माझ्या तोंडावर फेकला होता. त्यामुळे शिकायला जायचं असेल तर जा. तिकडे जाऊन घोडे काढू नका एवढंच.

तुमच्यासाठी काम सांगतो. आतापर्यंतचे शंभरेक फोटो पोस्टकार्ड साइजमध्ये छापून घ्या आणि घरातल्या फरशीवर पसरा. ज्याच्याकडे बघून दुसऱ्या कुणाचा फोटो आठवतो तो उचला. मी केलं तेव्हा ११ उरले होते, त्यातले ४ पासपोर्टचे. उरतील ते घरच्या माणसाला दाखवा, फोटोग्राफरला नको.

माझं सगळं खरं मानू नका. मी वादळातून शिकलो, तुमच्यावर ती वेळ न येवो. आणि एकाच पद्धतीने काढत राहिलं की त्याचाही साचा होतो. माझा होत चाललाय, असं बायको म्हणते. तिचं बहुतेक बरोबर असतं.

कॅमेरा बदलू नका. नानांचा तो फोटो ज्याने काढला तो कॅमेरा मी सेकंडहँड घेतलेला आहे आणि त्याचा रबर मी फेविक्विकने चिकटवलाय.

नानांनी तो फोटो मोठा करून मागितला होता. ओसरीत लावलाय, काकू म्हणते त्या डागाच्या सदऱ्याचा फोटो कशाला मिरवायचा. गेल्या वर्षी बाग चांगली निसवली, घड लागले, तेव्हा नानांनी पुन्हा बोलावलं, म्हणाले, आता उभ्या केळीत काढ, दोन्ही शेजारी लावतो. काढला. दुपारीच, सहा पावलांवरून. त्यात ते फोटो काढून घेणाऱ्या माणसासारखे उभे आहेत. लावलाय तोही.