लॅपटॉप सारखा बंद पडतोय? दरवेळी व्हायरसच असतो असं नाही

प्रश्न : सर, निपाणीत आमचं झेरॉक्स आणि डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, हँडबिलं, सेवा सिंधूचे (कर्नाटक सरकारचं सेवांचं पोर्टल) फॉर्म असली कामं. लॅपटॉप जुना आहे, विंडोज १०. महिना झाला, मधेच बंद पडालाय, कधी निळी स्क्रीन येते तर कधी काहीच न सांगता पटकन काळा. कोपऱ्यात सारखं 'तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आहेत' म्हणून येवालंय. गिऱ्हाइकाचा पेनड्राइव्ह लावला की त्याच्या फाइली शॉर्टकट होऊन जातात, त्यावरनं रोज वाद. फॉरमॅट मारून आणला तरी थोड्या दिवसात परत तेच. शेजारी तंबाखूची वखार आहे, दुकानात धूळ भरपूर. नवीन घ्यायची आत्ता सोय नाही, काय करू?
— एक दुकानदार, निपाणी

उत्तर : तुमच्या पत्रात तीन वेगळी दुखणी आहेत आणि तुम्ही तिन्ही व्हायरसच्या खात्यावर टाकलीत. त्यामुळंच फॉरमॅट मारूनही फरक पडला नाही.

आधी डेटा. लॅपटॉप जेवढा वेळ चालू राहतोय तेवढ्या वेळात पत्रिकांच्या फाइली, पीडीएफ, फोटो बाहेरच्या हार्डडिस्कवर घ्या, पण सेटअप आणि ईएक्सई (.exe, म्हणजे प्रोग्रॅमच्या) फाइली अजिबात घेऊ नका, आणि कॉपी झाली की डिस्क काढून बाजूला ठेवा. बँक, जीमेल, सेवा सिंधू यांचे पासवर्ड फोनवरनं बदला, या लॅपटॉपवर बसून बदलू नका, कारण आत पासवर्ड चोरणारं काही बसलं असेल तर नवीन पासवर्डही त्याच्याच हातात जाईल.

आता तो पडतोय कशानं ते बघू. स्टार्टमध्ये 'रिलायबिलिटी' टाइप केलं की रिलायबिलिटी हिस्टरी उघडते, त्यात तारखेखाली लाल फुल्या दिसतील. फुलीवर क्लिक केल्यावर एकाच प्रोग्रॅमचं नाव परत परत येत असेल तर तो धागा धरा. नुसतं 'विंडोज नीट बंद झालं नव्हतं' एवढंच असेल आणि त्याआधी निळी स्क्रीनही आली नसेल, तर माझा संशय उष्णतेवर किंवा बॅटरी-चार्जरवर. तंबाखूची धूळ बारीक आणि चिकट, ती पंख्यामागच्या जाळीत थर धरून बसते, हवा बाहेर पडत नाही, प्रोसेसर तापतो आणि मशीन स्वतःला वाचवायला खटकन बंद होतं. पंख्याजवळ हात धरून बघा, आवाज मोठा पण वारा नाही असं असेल तर आधी उघडून साफ करून घ्या आणि थर्मल पेस्ट बदला.

दुसरी परीक्षा सेफ मोडची. शिफ्ट दाबून धरून रीस्टार्टवर क्लिक करा, मग ट्रबलशूट, अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज, परत रीस्टार्ट, आणि यादी आली की ४ दाबा. कधीकधी मधेच बिटलॉकरची (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) रिकव्हरी की मागतो, ती बहुतेक वेळा तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये असते, ती आधीच काढून कागदावर लिहून ठेवा नाहीतर दारातच अडकाल. सेफ मोडमध्ये गरजेपुरतंच विंडोज चालतं. तिथंही तसाच पडला तर रोग बहुतेक हार्डवेअरमध्ये आहे, रॅम आणि हार्डडिस्क तपासून घ्या. तिथं तासभर निवांत चालला तर मात्र एखादा ड्रायव्हर (हार्डवेअर चालवणारा छोटा प्रोग्रॅम) नाहीतर व्हायरस.

व्हायरससाठी पहिलं हत्यार विंडोजमध्येच आहे आणि फुकट आहे. नेहमीसारखा चालू करून विंडोज सिक्युरिटी उघडा, व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन, स्कॅन ऑप्शन्स, तिथं डिफेंडरचा, म्हणजे विंडोजच्याच अँटिव्हायरसचा, ऑफलाइन स्कॅन. हातातलं काम सेव्ह करून मगच लावा कारण मशीन रीस्टार्ट होतं आणि विंडोज सुरू व्हायच्या आधीच तपासणी चालते, साधारण पंधरा मिनिटं. चालू विंडोजमध्ये जो व्हायरस लपून बसतो त्याला इथं लपायला जागा कमी. नंतर प्रोटेक्शन हिस्टरीत काय सापडलं ते बघा. त्यानंतर मालवेअरबाइट्स या दुसऱ्या अँटिव्हायरसचा फुकटवाला स्कॅन एकदा फिरवा. शेवटी कमांड प्रॉम्प्ट 'रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर'नं उघडून एसएफसी स्कॅननाऊ (sfc /scannow) चालवा, व्हायरसनं विंडोजच्या मोडलेल्या फाइली त्यानं दुरुस्त होतात, सगळ्या होतीलच असं नाही.

कोपऱ्यातली ती भीती बहुतेक वेळा व्हायरस नसतोच. कुठल्यातरी वेबसाइटनं 'अलाऊ' विचारलं आणि घाईत कुणीतरी हो म्हटलं, त्याच्या या जाहिराती. क्रोममध्ये साइट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्समध्ये जा आणि अनोळखी नावं सगळी काढा. अनोळखी एक्स्टेंशनही.

पेनड्राइव्हमध्ये मात्र खरंच किडा, म्हणजे स्वतःहून पसरणारा व्हायरस, आहे. नीट बघा, पेनड्राइव्ह उघडल्यावर आत पेनड्राइव्हच्याच नावाचा एक आयकॉन दिसेल, डाव्या कोपऱ्यात छोटा बाण आणि साइज एक-दोन केबी. गिऱ्हाइकाच्या फाइली कुठं गेलेल्या नसतात, किड्यानं त्या नुसत्या लपवलेल्या असतात आणि त्या बाणावर डबल क्लिक केलं की तो तुमच्या मशीनमध्ये उतरतो. म्हणून त्यावर क्लिक नाही. फोल्डर ऑप्शन्समध्ये हिडन फाइली दाखवा आणि 'हाइड प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टीम फाइल्स'ची टिक काढा, खऱ्या फाइली दिसतील, त्या घ्या, बाणवाला उडवा. पण आधी लॅपटॉप साफ, मग पेनड्राइव्ह, उलटं केलं तर रात्रभर एकमेकांना देत बसतील. सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राच्या साइटवर फुकट सफाईची टूल्स मिळतात.

आता फॉरमॅटनंतर परत का आलं? दोन रस्ते. एक, तेच पेनड्राइव्ह परत लागले. दुसरा, फॉरमॅट मारणाऱ्यानं विंडोज 'अ‍ॅक्टिव्हेट' करायला क्रॅक (लायसन्स न घेता चालवायचं चोरटं सॉफ्टवेअर) टाकला असणार, आणि डीटीपीची सॉफ्टवेअरही तसलीच. जो क्रॅक 'आधी अँटिव्हायरस बंद करा' म्हणतो तो चोराला दार उघडून देणारा घरगडी समजा. कन्नड टायपिंगसाठी नुडी हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं, मराठीसाठी युनिकोड फॉन्ट फुकट आहेत, तिथं तरी क्रॅकची गरज काय? आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, वाढीव अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत, त्यासाठी नाव नोंदवावं लागतं. लॅपटॉप विंडोज ११ घेत नसेल तर ती नोंदणी करून घ्या.

अजून एक, हे तुम्ही विचारलं नाहीत पण सांगतो. गिऱ्हाइकांची आधार, पासबुकं, उतारे तुमच्या डाउनलोड्समध्ये पडलेले असतील. संध्याकाळी दुकान बंद करताना तो फोल्डर रिकामा करा. मशीन तुमचं असलं तरी चोरी त्यांची होते.

प्रश्न : खानापूरहून विचारते. मुलीच्या लॅपटॉपवर मोठा भोंगा वाजला, 'मायक्रोसॉफ्टला फोन करा' म्हणून नंबर आला. तिनं फोन केला, त्यांनी एनीडेस्क (लांबून दुसऱ्याचा कॉम्प्युटर चालवायचा प्रोग्रॅम) टाकायला लावलं. पैसे दिले नाहीत. आता भीती वाटते.
— एक पालक

उत्तर : ताई, मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या सूचनेत कधी फोन नंबर नसतो, हे मुलीला सांगून ठेवा. इंटरनेट बंद करा, एनीडेस्क काढून टाका, वर लिहिलाय तो ऑफलाइन स्कॅन लावा. त्या वेळात बँकेचं पान उघडं होतं का ते तिला शांतपणे विचारा, रागावू नका, नाहीतर खरं सांगणार नाही. उघडं असेल तर आजच बँकेला कळवा, आणि एक रुपया जरी गेला असेल तर लगेच सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला, फोन. भोंगा परत वाजला तर ऑल्ट आणि एफ४ दाबा, नाही बंद झालं तर टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद करा आणि परत उघडताना 'रिस्टोअर' म्हणू नका.

प्रश्न : सुरक्षित राहावं म्हणून दोन अँटिव्हायरस टाकलेत, लॅपटॉप मुंगीच्या पावलानं चालतोय.
— शहापूर, बेळगाव

उत्तर : दोघेही एकच फाइल एकाच वेळी तपासायला बघतात, मग मशीन दमणारच. कुठलाही एक काढा. दुसराही काढायचा असेल तरी चालेल, डिफेंडर आपोआप चालू होतो, फक्त विंडोज सिक्युरिटी उघडून हिरवी टिक दिसते का तेवढं बघा.