नाकाचं हाड आणि एनसीचा कागद

सव्वीस वर्षं मी न्यायदंडाधिकाऱ्यांच्या कोर्टात सरकारी अभियोक्ता म्हणून उभी राहिले. मारामारीचे खटले हे आमचं रोजचं काम. या वेळच्या पत्रांपैकी चार त्याच विषयावरची आहेत, म्हणून एकत्र घेते. पत्रं लांबलचक होती. मुद्द्यापुरती ठेवली आहेत.

प्रश्न : बांधावरून चुलतभावानं लाकडी दांडकं तोंडावर मारलं. नाकातून खूप रक्त गेलं. पोलिसांनी एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) लिहून घेतली आणि 'कोर्टात जा' म्हणाले. सूज उतरल्यावर नाक वाकडं दिसायला लागलं. एक्स-रे काढला तर हाड मोडलेलं निघालं. आता एनसीचा एफआयआर करून मिळेल का?

उत्तर : एनसी खोडून तिथे एफआयआर लिहीत नाहीत, पण त्याच घटनेचा दखलपात्र गुन्हा, म्हणजे पोलीस स्वतःहून तपास करू शकतात असा गुन्हा, आता दाखल होऊ शकतो. तुमच्या बाबतीत तो व्हायलाच हवा.

पहिल्या दिवशी पोलिसांसमोर जे होतं ते फुटलेलं नाक. ती झाली साधी दुखापत : भारतीय न्याय संहितेचं कलम ११५(२), पोलीस ठाण्यातल्या जुन्या माणसांच्या तोंडी अजूनही जुन्या दंडसंहितेतलं 'तीनशे तेवीस'. एक वर्षापर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. गुन्हा अदखलपात्र, म्हणजे दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलिसांना तपास करता येत नाही. म्हणून 'कोर्टात जा'.

हाड मोडलं की मात्र सगळंच बदलतं. कलम ११६ मध्ये जबर दुखापतीचे आठ प्रकार सांगितलेत. त्यातला सातवा म्हणजे हाड किंवा दात मोडणं अथवा निखळणं. मांडीचं हाड आणि नाकाचं हाड यांत कायदा डावं-उजवं करत नाही. कलम ११७(२), सात वर्षांपर्यंत कैद आणि दंड, गुन्हा दखलपात्र. एका दातापायी एवढं कलम लागतं हे ऐकून चक्रावलेले आरोपी मी खूप पाहिलेत.

तेव्हा एक्स-रेची फिल्म, रेडिओलॉजिस्टचा अहवाल आणि एनसीची प्रत जोडून ठाण्यात लेखी अर्ज द्या, पोच घ्या. पहिल्या दिवशी सरकारी दवाखान्यात तपासणी झाली असेल तर दाखल्यावर 'एक्स-रेनंतर मत' असं काहीतरी लिहिलेलं असतं. ते अंतिम मत आणायला नंतर कोणी फिरकत नाही. तुम्ही मागे लागा. दखलपात्र गुन्ह्याची खबर आली की एफआयआर नोंदवणं बंधनकारक आहे, असं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं २०१३ साली ललिता कुमारी प्रकरणात सांगून ठेवलंय. ठाण्यात नाही ऐकलं तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) प्रमाणे पोलीस अधीक्षकांना टपालानं पाठवा. तिथेही हललं नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज. एफआयआरची प्रत फुकट मिळते, ती हातात घेतल्याशिवाय निघू नका.

आणि ती फिल्म जपा. माझ्या एका खटल्यात मनगटाचं हाड मोडलेलं होतं. दाखल्यावर डॉक्टरांनी तसं लिहिलं होतं, साक्षीदार पक्के होते. उलटतपासात आरोपीच्या वकिलांनी एकच प्रश्न विचारला : 'डॉक्टर, हे कशावरून लिहिलंत?' डॉक्टर म्हणाले, एक्स-रेवरून. 'एक्स-रे दाखवा.' फिल्म दवाखान्यात नव्हती, पोलिसांच्या कागदांत नव्हती. फिर्यादी बाकावरून सांगत होता की घरी होती, पावसात भिजली म्हणून टाकून दिली. जबर दुखापत शाबित झाली नाही. आरोपी साध्या दुखापतीवर दंड भरून गेला. तुमच्या फिल्मवर नाव आणि तारीख नीट उमटली आहे का, तेही आजच बघा.

दांडक्याबद्दल पत्रात खाली एक ओळ आहे : 'खरं तर कुऱ्हाडीचा दांडा होता, कुऱ्हाड लिहू का?' लिहू नका. घातक हत्यारानं मारलं तर कलम ११८ लागतं आणि शिक्षा वाढते हे खरं. जबर दुखापत असेल तर थेट जन्मठेपेपर्यंत. पण पातं लागलं की दांडा, हे जखम सांगते. धारेनं कापलेल्या जखमेच्या कडा सरळ असतात, बोथट वस्तूनं फुटलेल्या जखमेच्या कडा वेड्यावाकड्या आणि ठेचलेल्या. अपवाद डोक्याचा. तिथे कातडी हाडावर ताणलेली असल्यानं काठीनं फुटलेलं डोकंही कापल्यासारखं दिसतं. डॉक्टरांनी भिंग लावून बघितलं तरच फरक कळतो. तुम्ही पातं सांगायचं आणि दाखल्यात ठेचलेली जखम असायची, की तुमचं खरं नाकसुद्धा खोटं ठरेल.

प्रश्न : आमच्या मजल्यावरच्या बाईंनी जिन्यात माझी वाट अडवली, चप्पल काढून माझ्या अंगावर उगारली. पाच-सात मिनिटं खाली जाऊ दिलं नाही. पण चप्पल लागली नाही. आता त्या सगळ्यांना सांगतात, 'मी हात तरी लावला का?' त्यांचं बरोबर आहे का?

उत्तर : नाही. संहितेत 'हमला' या शब्दाचा अर्थच आपण बोलतो त्यापेक्षा निराळा आहे. कलम १३० प्रमाणे हमला व्हायला स्पर्श लागत नाही. आता हा मारणार, असं समोरच्याला वाटावं अशा हेतूनं हावभाव किंवा तयारी केली की पुरे. कायद्यातली उदाहरणं १८६० पासून तीच आहेत : कुणी मूठ उगारतो, कुणी चावऱ्या कुत्र्याचं मुसकं सोडायला लागतो, कुणी काठी उचलून 'आता तुला बदडतो' म्हणतो. तुमची चप्पल या यादीत सहज बसते. नुसते शब्द मात्र बसत नाहीत. फोनवरून 'तंगडी तोडीन' म्हटलं तर तो हमला नव्हे. ती धमकी, कलम ३५१. गंमत अशी की जुन्या दंडसंहितेत ३५१ म्हणजेच हमला होता. आकडे पाठ असलेल्या आम्हा लोकांची या नव्या संहितेनं चांगलीच भंबेरी उडवली.

हमल्याला शिक्षा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा एक हजारापर्यंत दंड, किंवा दोन्ही, आणि तोही अदखलपात्र. पण तुमच्या पत्रात तुम्ही जे जाता जाता लिहिलंय ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. जिन्यात वाट अडवणं हा गैरनिरोध, कलम १२६, आणि शिक्षा एक महिन्याचीच असली तरी तो दखलपात्र आहे! चप्पल उगारली तर पोलीस कोर्टात पाठवणार, जिना अडवला तर त्यांना स्वतः गुन्हा नोंदवावा लागणार. तेव्हा तक्रार लिहाल तेव्हा जिन्यापासून सुरुवात करा : कुठल्या पायरीवर, किती वेळ, कोण बघत होतं. चप्पल नंतर. खटला चालवायचाच का, हे तुम्ही ठरवा. मी असते तर या वेळी नोंद करून थांबले असते. पुन्हा तसंच घडलं तर ती नोंद उपयोगी पडते.

प्रश्न : त्यानं आधी मारलं, मी उलट मारलं. आता त्यानंच माझ्यावर केस केली. मी आधी तक्रार दिली नाही ही चूक झाली का?

उत्तर : झाली, पण भरून निघण्यासारखी. तुमची तक्रार आजच द्या आणि उशीर का झाला ते त्यातच लिहा. स्वतःचा बचाव करण्याचा हक्क कलम ३४ ते ४४ मध्ये आहे. त्याला दोन मर्यादा : बचावापुरतंच बळ, आणि धोका आहे तोवरच. तो पळायला लागल्यावर मागे धावून मारलेला फटका बचावात धरत नाहीत.

अंगावरचे वळ आज तपासून घ्या, उद्यावर टाकू नका. वळ ताजा असताना लाल असतो, मग निळसर-काळा, पाच-सहा दिवसांनी हिरवट, पुढे पिवळा, आणि साधारण दोन आठवड्यांत जातो. डॉक्टर रंगावरून वय लिहितात. एका क्रॉस केसमध्ये, म्हणजे दोघांनी एकमेकांवर केलेल्या खटल्यांत, समोरचा गडी भांडणानंतर चौथ्या दिवशी लालभडक वळ घेऊन दवाखान्यात गेला. दाखल्यावर आलं, 'जखमेचं वय चोवीस तासांच्या आत'. तो वळ त्याला कुणी दिला देव जाणे, आमच्या आरोपीनं नक्कीच नव्हता दिला. दोन्ही बाजूंचे असे खटले एकाच न्यायाधीशांपुढे लागोपाठ चालवावेत असा दंडक आहे. तुमच्या वकिलांना तसा अर्ज द्यायला सांगा.

प्रश्न : मे २०२४ मध्ये भांडणात ढकलल्यानं पाठीला मार बसला. हाड मोडलं नाही, पण मी १७ दिवस कामावर जाऊ शकलो नाही. पंधरा दिवसांच्या वर गेलं की जबर दुखापत होते असं वाचलं. माझे वकील म्हणतात, होत नाही. समोरचे आता मिटवा म्हणताहेत.

उत्तर : वकील बरोबर सांगताहेत, आणि तुम्ही वाचलंत तेही बरोबर आहे. मुदत नव्या संहितेत पंधरा दिवस आहे, जुन्या दंडसंहितेत वीस होती. नवी संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली. तुमची घटना मे महिन्यातली, म्हणून जुना कायदा, आणि सतरा दिवस वीसाच्या आत. दुखणं तेच, पण महिना-दीड महिन्याच्या फरकानं गुन्हा बदलला. नंतर आलेला कडक कायदा मागच्या घटनेला लावता येत नाही. राज्यघटनेचा अनुच्छेद २०(१) तसं सांगतो.

नवा कायदा असता तरी नुसता 'विश्रांतीचा सल्ला' लिहिलेला दाखला पुरला नसता. माणूस तितके दिवस तीव्र वेदनेत होता किंवा नेहमीचे व्यवहार खरोखर करू शकत नव्हता, हे दाखवावं लागतं. विश्रांतीच्या काळात दुचाकीवरून बाजारात गेलेल्या फिर्यादीचा फोटो आरोपीनं कोर्टात आणलेला मी पाहिलाय.

तडजोडीचं म्हणाल तर साध्या दुखापतीचा खटला जखमी माणूस स्वतः मिटवू शकतो, कोर्टाची परवानगी लागत नाही. जबर दुखापत असती तर लागली असती. मात्र तडजोड नोंदली की आरोपी निर्दोष सुटल्यासारखंच, ते प्रकरण पुन्हा उघडता येत नाही. उपचाराचा खर्च आणि सतरा दिवसांची बुडालेली मजुरी ठरली असेल तर रक्कम खात्यात आल्याचं पाहा आणि मगच पुरशिसवर, म्हणजे कोर्टात द्यायच्या लेखी निवेदनावर, सही करा.