आधी उतरवून घे

प्रिय,

तुझं पत्र वाचलं. सातवीची पोरं भूगोलाच्या तासाला पेंगतात म्हणतोस. माझ्याही पेंगायची. सोलापूरचं ऊन आणि जेवणानंतरचा तास, म्हणजे निम्मा दोष वेळापत्रकाचा.

नोकरीच्या पहिल्या वर्षी मी फळ्यावर पर्जन्यछायेची, म्हणजे डोंगराआड कमी पाऊस पडणाऱ्या भागाची, व्याख्या लिहिली. पंढरपूरकडच्या एका पोरानं विचारलं, "सर, आपल्याकडं पाऊस कमी म्हणता, मग चंद्रभागेला पूर कसा येतो? तवा तर आमच्यात ऊन पडलेलं असतंय." मी म्हणालो, "आधी उतरवून घे." त्यानं उतरवून घेतलं आणि वर्षभर तोंड उघडलं नाही. अजून टोचतं ते.

अख्खा धडा त्याच्या प्रश्नातच होता की! पाऊस कोसळतो तिकडं घाटमाथ्यावर. भीमाशंकरहून निघालेल्या भीमेला (पंढरपुरात हीच चंद्रभागा) वाटेत इंद्रायणी, मुळा-मुठा मिळतात आणि ते पाणी उजनी धरणात साठतं. उजनी 117 टीएमसीची, म्हणजे 117 अब्ज घनफुटांची. भरत आली की दारं उघडतात. शिवाय वीर धरणातून नीरेत सोडलेलं पाणी उजनीच्या खाली, नरसिंहपूरला भीमेत येतं. म्हणजे पंढरपुरात दोन धरणांचं पाणी एकदम. पावसाळ्यात विसर्गाचे आकडे रोज पेपरात असतात. कात्रण वर्गात ने, भिंतीवर नकाशा लाव आणि पोरांना नदीवरून बोट फिरवू दे. व्याख्या शेवटी सांग, न सांगितलीस तरी चालेल.

मातीचा धडा पुस्तकातून घेऊच नकोस. काळ्या रानातलं ढेकूळ आण, भिजवून चिखल कर, थापून खिडकीत ठेव. सुकताना भेगा पडतील, त्या पोरांना रोज पट्टीनं मोजायला लाव. घरी शेती असलेली पोरं वापसा (पेरणीजोगी ओल) म्हणजे काय ते तुला सांगतील. परतीच्या पावसाची ओल ही माती धरून ठेवते, म्हणून मंगळवेढ्याचा शाळू (रब्बी ज्वारी) नंतर पाऊस नसतानाही येतो. इथं तू गप्प बसायचं.

काठीच्या सावलीचा प्रयोगही कर, पण बाराला नको. देशाची घड्याळं ज्या 82.5 अंश रेखावृत्तावर लावलेली, त्याच्या आपण बरेच पश्चिमेला, 76च्या जवळ. सूर्य माथ्यावर यायला साधारण साडेबारा होतात. पोरं म्हणतील शाळेचं घड्याळ पुढं आहे. म्हणू दे, दोन दिवस भांडू दे.

आणि ढेकूळ आणताना बघून आण. मुरमाड रानातलं आणलंस तर भेगा पडायच्या नाहीत, आणि पोरं तुलाच हसतील.

तुझा,
जुना मास्तर